गोड बोलण्याचं लक्षण

वॉर्डात तिला सगळे थांबाबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, पण वॉर्डात पाठीमागे बोललेलं पुढे यायला वेळ लागत नाही, त्यामुळे तिलाही ते ठाऊक होतं. नाव पडायचं कारण साधं. ऑपरेशन झालेल्या मोठ्या माणसांचा तो वॉर्ड, तिथे प्रत्येकाला घाई. कुणी इंजेक्शन घेऊन निघालेलं, कुणी बेडपॅन घेऊन, कुणी नुसतंच निघालेलं. आणि ही बाई पेशंटच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभी राहायची, भाजी घ्यायची की नाही ते न ठरलेल्या गिऱ्हाइकासारखी. कुणी म्हटलं, "ताई, बीपी घेऊ का?" की हिचं ठरलेलं उत्तर, "थांब जरा." मग ती नुसती बघायची. माणूस कुठल्या कुशीवर आहे, पांघरूण कुठवर ओढलंय, पाण्याचा ग्लास हाताशी आहे की कोपऱ्यात सरकलाय, बायकोने काही विचारलं तर उत्तर देतोय की नुसती मान हलवतोय. एवढं झालं की मग यंत्रं.

"मशीन पेशंटला लावलंय, पेशंट मशीनला लावलेला नाही," असं तिला शिकवणाऱ्या मेट्रनबाई म्हणायच्या. मेट्रनबाई पुष्कळ काही म्हणायच्या आणि त्यातलं निम्मं केसांच्या पिनांबद्दल असायचं; पण हे एक वाक्य हिच्या डोक्यात जाऊन बसलं ते कायमचं. वीस वर्षं ती अशीच बघत आली. काही वेळा तिचं बघणं उपयोगी पडलं, काही वेळा नाही पडलं, आणि एकदा तर चांगलंच अंगाशी आलं.

ते पडद्याचं प्रकरण. वॉर्डाला नवे पडदे आले होते, पिवळे, खिडकीपासून खिडकीपर्यंत. सकाळची उन्हं त्यातून आत आली आणि थांबाबाई कोपऱ्यातल्या पेशंटच्या पायथ्याशी उभी राहिली. थोडं थांबली, थोडं बघितलं, आणि सर्जनसाहेबांना फोन केला: पेशंटला कावीळ होतेय, डोळेसुद्धा पिवळे दिसतायत. साहेब राउंड सोडून धावत आले. त्यांनी पेशंटकडे बघितलं, मग शेजारच्या पेशंटकडे बघितलं, मग थांबाबाईकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हालाही झालीये." त्यांनी पडदा सरकवला. कावीळ गेली. पुढे कितीतरी दिवस मावशी फडका मारता मारता विचारायच्या, "ताई, पडद्याची तब्येत कशी आहे?" साहेब रागावले नव्हते, उलट पोट धरून हसले होते, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून फोनकडे हात जायचा तो वाटेत एकदा घुटमळून जायचा.

आता तिचे सासरे. एका छापखान्यात त्यांनी सारी उमर मुद्रितं तपासण्यात घालवली होती. छापून येणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, लाल शाईने खुणा करायच्या, हा त्यांचा धंदा. छापखान्यात त्यांना वेलांटीमास्तर म्हणत. मास्तर निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टनं, लग्नपत्रिका, कशातूनही त्यांना आधी चूक दिसायची आणि मग मजकूर. मुलाने, म्हणजे थांबाबाईच्या नवऱ्याने, लहानपणीच बोलणं कमी केलं होतं. कमी बोललं की कमी चुकतं, हे त्याने वेळेवर ओळखलं. सून मात्र बोलणारी. ती आल्याने मास्तरांना नवं मुद्रित हाती आल्यासारखं झालं. किराण्याच्या यादीत तिने 'दुध' लिहिलं की यादी दुरुस्त होऊन परत यायची, आणि मगच दूध यायचं. तिच्या स्वयंपाकाला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी पदवी 'चालेल' ही होती. ती मिळाली त्या दिवशी नवरा-बायकोने स्वयंपाकघरात हात मिळवले होते.

थट्टेची गोष्ट थट्टेच्या जागी. पण खरं सांगायचं तर तिला ते लागायचं. दिवसभर अनोळखी माणसं 'देवासारख्या आलात' म्हणायची, आणि घरी जो एक माणूस कधी खोटं बोलणार नाही अशी तिची खात्री होती, तो 'चालेल'च्या पुढे सरकत नव्हता. त्याच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायचा, ही तिची इच्छा होती. तिने ती कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

आणि मास्तरांच्या पोटात गाठ निघाली. आतड्याचा एक तुकडा काढून दोन्ही टोकं पुन्हा जोडावी लागली. ऑपरेशन छान झालं आणि मास्तर आले ते नेमके सुनेच्या वॉर्डात. मुख्य सिस्टरांनी विचारलं, घरचं माणूस आहे, दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तेव्हा मास्तर खाटेवरूनच म्हणाले, "नको. हिच्या चुका मला पाठ आहेत. नव्या बाईच्या शोधायला पुन्हा वेळ जाईल."

पहिले दोन दिवस त्यांनी वॉर्डाला सळो की पळो करून सोडलं. सलाइनचा स्टँड वाकडा आहे. मावशी कोपरा सोडून पुसतात. भिंतीवरच्या 'शस्त्रक्रीया' या शब्दात 'क्रि' ऱ्हस्व हवी, आणि ज्यांना शब्द नीट लिहिता येत नाही ते तीच गोष्ट माझ्या पोटावर करणार, हे मला आधी कळायला हवं होतं. वॉर्डातली धाकटी सिस्टर, जेमतेम वर्षभर नोकरी झालेली मुलगी, त्यांच्या खाटेला 'परीक्षा केंद्र' म्हणायची आणि जाण्याआधी टोपी नीट करून जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी थांबाबाई ड्युटीवर आली तर मावशी दारातच हसऱ्या चेहऱ्याने उभ्या.

"ताई, तुमचे सासरे आज साखर झालेत साखर! मला म्हणाले, तुम्ही फरशी पुसता की आरसा?"

"माझं इंजेक्शन दुखलंच नाही म्हणाले," धाकटी सिस्टर म्हणाली. "वर थँक्यू. मी दोनदा वळून बघितलं, मागे कुणी उभं आहे का म्हणून."

"औषधाचा गुण," मावशी म्हणाल्या. "ते औषध घरी न्या थोडं."

सगळ्या हसल्या. थांबाबाईही हसली. ती खाटेपाशी गेली तेव्हा मास्तर उशीला टेकून शांत पडले होते. डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "या, बसा. किती दमता तुम्ही."

तिला वाटलं, नेहमीप्रमाणे टोमणा येतोय, सुरुवात फक्त नवी आहे. ती वाट बघत उभी राहिली. पण टोमणा आला नाही. मास्तर म्हणाले, "तुमच्यासारखी सून आमच्या घरात आली, हे आमचं भाग्य."

आता ऐका, म्हणजे तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठल्या बाईला नाडी बघायचं सुचेल? थांबाबाई हरभऱ्याच्या झाडावर चढली ती थेट शेंड्यावर. तिचे डोळे भरून आले. तिने त्यांची चादर नीट केली, जी नीटच होती; सलाइनचा वेग बघितला, जो बरोबरच होता. आणि पायथ्याशी उभं न राहताच ती पुढच्या खाटेकडे गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारचा चहा झाला, औषधांची फेरी झाली, एका पेशंटची पट्टी बदलून झाली. हात काम करत होते आणि मनात ते एकच वाक्य घोळत होतं. नवऱ्याला कसं सांगायचं, आधी कुठला शब्द, मग कुठला, हेसुद्धा तिने ठरवलं.

पट्टी बदललेले हात धुताना ती ते वाक्य पुन्हा मनात म्हणाली, आणि 'तुमच्या'वर अडखळली.

बाबा मला 'तुमच्यासारखी' कधीपासून म्हणायला लागले?

घरात ते तिला 'अगं' म्हणत. नाहीतर 'ए'. नाहीतर नुसतंच 'दुध' असं ऱ्हस्व उच्चारून दाखवत. अहोजाहो ते फक्त परक्यांना करत, किंवा ज्यांच्यात रस उरला नाही अशांना. तिने नळ बंद केला. हात तसेच ओले. ती जाऊन त्यांच्या पायथ्याशी उभी राहिली, जिथे तिने दुपारीच उभं राहायला हवं होतं.

मास्तर शांत होते. फार शांत. दोन्ही हात पोटाशी, पाय जरा दुमडलेले. चष्मा टेबलावर, घडी घातलेला. म्हणजे आज त्यांनी काहीच वाचलं नव्हतं.

"बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

सांगितलं. कुठे आहोत? सांगितलं. वार कुठला? तोही बरोबर. पुस्तकात लिहिलेल्या परीक्षेत मास्तर पैकीच्या पैकी. कागदावर दुपारचे आकडे होते, तेही सगळे बरे. ताप नाही. बीपी असं, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हेवा करावा. नाडी अठ्ठ्याऐंशी. श्वास अठरा.

श्वास अठरा. थांबाबाईने कागदावर खालपर्यंत नजर टाकली. त्या वॉर्डात सगळ्यांचाच श्वास नेहमी अठरा असायचा. श्वास मोजायला पूर्ण मिनिट खाटेशी उभं राहावं लागतं आणि मिनिट कुणाकडे नसतं, म्हणून अठरा. तिने घड्याळ समोर धरलं आणि मास्तरांच्या छातीवर नजर ठेवली. सव्वीस भरले.

मग ती जरा थांबून विचार करायला लागली. मास्तरांना नाडी संथ ठेवणारी गोळी चालू होती. त्यांची नाडी कधी साठीच्या पुढे जात नसे. म्हणजे इतरांची अठ्ठ्याऐंशी ती अठ्ठ्याऐंशी, पण यांची अठ्ठ्याऐंशी म्हणजे धाव. बीपी हेवा करण्यासारखं, पण मास्तरांचं मुळात चढं असायचं; तिथून एवढं खाली येणं हे यश नव्हतं. ताप नव्हता, पण दुखण्यावरचं जे औषध जात होतं ते तापही दाबून टाकतं. लघवीची पिशवी सकाळपासून फारशी भरलेली नव्हती. एकेक आकडा घेतला तर प्रत्येकाकडे काहीतरी सबब होती. सगळे एकत्र उभे केले तर सगळे एकाच दिशेने निघालेले.

तरी तिला खात्री होईना. आपल्याला कुणी चांगलं म्हणालं म्हणून आपणच घाबरलो का? पुन्हा पडदाच नसेल ना? तिने खिशातला कागद काढला आणि त्यावर ठळक लिहिलं: 'फक्त पाणि. दुध नको.' दोन शब्द, दोन खून, तेही वेलांटीमास्तरांच्या डोळ्यांदेखत. तिने त्यांना चष्मा लावला आणि कागद समोर धरला.

"बाबा, हे डोक्याशी लावते. बरोबर लिहिलंय ना?"

मास्तरांनी कागद बघितला. चांगला सावकाश बघितला. बोला बाबा, ती मनात म्हणत होती, ओरडा माझ्यावर, इतकी वर्षं शिकवून सुनेला दूध लिहिता येत नाही म्हणा.

"सुंदर," मास्तर म्हणाले. "अक्षर अगदी मोत्यासारखं आहे तुमचं."

तिचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नसे.

फोनपाशी मात्र पुन्हा पंचाईत. सांगायचं काय? डॉक्टर, माझे सासरे माझ्याशी गोड बोलतायत, ताबडतोब या? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती जरा घुटमळली. पण या वेळी पडदा सरकवून बरं होणारं प्रकरण नव्हतं, हे तिला कळत होतं. हसू झालं तर होऊ दे. तिने फोन लावला. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दिवसभर उपाशी होत्या, आणि पहिला घास तोंडात असताना त्यांनी फोन घेतला.

थांबाबाईने आधी श्वास सांगितला, मग नाडी आणि ती गोळी, मग बीपी, मग लघवी. शेवटी एका दमात म्हणाली, "आणि ते आज मला अहोजाहो करतायत."

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला.

"एरवी काय म्हणतात?"

"अगं. नाहीतर ए."

"पोट?"

"फार कडक नाही. पण दाबलं तरी ते काही म्हणत नाहीत. काल चादर लागली तरी ओरडत होते."

"आलेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझी आई मला अहो म्हणाली की मीही आधी पळतच जाते."

त्या आल्या त्या डबा तसाच उघडा टाकून. रक्त तपासायला गेलं, मास्तर पोटाच्या फोटोला गेले, सर्जनसाहेब घरून निघाले. आतड्याचा जोड एका बाजूने गळत होता. संध्याकाळच्या आत मास्तरांना पुन्हा ऑपरेशनला घेतलं. कागदावर सही करून नवरा म्हणाला, "सकाळी मला म्हणाले, किती छान बोलतोस. मला वाटलं, बाबा बदलले." तो ते सांगताना रडला. थांबाबाईने त्याला जवळ घेतलं. आपलंही तेच झालं होतं, हे तिने त्याला सांगितलं नाही. ती त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिली आणि आपण दुपारभर त्या वाक्यावर चढून बसलो होतो, या विचाराने मनातल्या मनात मेल्यासारखी झाली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडेपर्यंत ती कुणाची सिस्टर नव्हती.

साहेब बाहेर आले. दमलेले होते, पण चेहरा मोकळा. "वेळेत सापडलं," ते म्हणाले. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं." मग जरा थांबून, "पडदा आज लावला नव्हता ना, सिस्टर?" आणि या वेळी तीही हसली, अगदी नाक पुसत हसली.

मास्तरांना सावरायला दिवस लागले, आणि ते दिवस सोपे नव्हते. ताप आला, गेला, पुन्हा आला. अशक्तपणा असा की चमचाही जड. वॉर्ड सारखा कान देऊन होता. एका सकाळी मावशी धावतच आल्या, "ताई, मला म्हणाले, खाटेखालचा कोपरा कुणासाठी ठेवलाय!" तेव्हा धाकट्या सिस्टरने टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी सगळ्यांना चहा सांगितला. मास्तरांना हा आनंद कशाचा ते कळेना. या दवाखान्यात तक्रारीला चहा देतात हे बघून त्यांनी आणखी दोन केल्या.

घरी आल्यावरची गोष्ट. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. मास्तर खुर्चीत, पायांवर शाल, आणि थांबाबाई त्यांच्या पोटावरची पट्टी बघत होती. बघता बघता मास्तर एकदम म्हणाले, "ए, मुलगा सांगत होता, त्या दिवशी मी काहीबाही बोलत होतो म्हणे."

"तुम्ही शुद्धीत नव्हता बाबा."

"शुद्धीत नव्हतो म्हणजे बोललो ते अशुद्धच असणार. काय बोललो?"

"काही नाही. जाऊ दे."

"जाऊ दे काय? माझ्या नावावर चुकीचा मजकूर फिरतोय आणि मी तो बघू नको? सांग. जसाच्या तसा सांग."

तिने पट्टी चिकटवली, कडा दाबून बसवल्या. ते वाक्य तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार नव्हती. आजाराचं ते एक लक्षण होतं, कागदावर लिहायचं आणि विसरायचं, असं तिने स्वतःला कितीदा बजावलं होतं. पण मास्तर थांबले होते. वर न बघता, आकडे सांगावेत तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, 'तुमच्यासारखी सून आमच्या घरात आली, हे आमचं भाग्य.'"

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. ते वाक्य त्यांनी आतल्या आत एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून, शब्दाशब्दावर थांबत. थांबाबाईने पट्टीचा डबा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

"चूक आहे," मास्तर म्हणाले.

"माहितीये बाबा. म्हणून तर मी—"

"मध्ये बोलू नकोस. 'तुमच्यासारखी' चूक आहे. ते काढ. 'तुझ्यासारखी' कर."

तिने डबा खाली ठेवला.

"बाकी आहे तसं राहू दे," मास्तर म्हणाले, आणि शाल वर ओढून घेतली.